आधी भर घाला, सोडायचं नंतर बघू

घर सोडून शिकायला किंवा नोकरीला बाहेर पडलेल्या मुलामुलींनो, हे तुमच्यासाठी लिहिते आहे. पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे तुम्ही, हिंजवडीत चौघांनी मिळून फ्लॅट घेतलेले तुम्ही, नागपूरच्या किंवा नांदेडच्या वसतिगृहात पहिलं वर्ष काढणारे तुम्ही. आजवर ताटात काय पडणार हे घरचं माणूस ठरवत होतं. आता ते रोज तीन-चार वेळा तुम्हाला ठरवायचं आहे. पैसे मोजके, वेळ त्याहून मोजका, आणि हा विषय शाळेत कुणी शिकवलेला नाही.

या वयात खाण्याचा विचार मनात येतो तो बहुधा काहीतरी सोडण्याचाच. भात सोडला, रात्रीचं जेवण सोडलं, तेल-तूप बंद, एक तारखेपासून साखर बंद. माझी कळकळीची विनंती आहे की सुरुवात इथून करू नका. आधी तुमच्या ताटात जे येतच नाही ते आणा. डाळ-उसळ, भाजी, काहीतरी कच्चं, एखादं फळ, वाटीभर दही किंवा ताक. नुसतं सोडलं की पोट रिकामं राहतं, आणि रिकामं पोट रात्री अकरा वाजता मोबाइल हातात घेऊन काहीतरी तळकट मागवतं. भर घातली की भूक भागते, आणि जे कमी व्हायला हवं ते बरंचसं न भांडता कमी होतं.

तुमचा नेहमीचा दिवस घेऊ. सकाळी उशीर झालेला, म्हणून टपरीवर चहा आणि खारी नाहीतर क्रीमरोल. दुपारी मेसचं ताट, म्हणजे तीन-चार पोळ्या, बटाट्याचा रस्सा, पातळ वरण, भात आणि लोणचं. पाच वाजता वडापाव आणि पुन्हा चहा. रात्री अभ्यासिकेतून निघायला उशीर झाला की मेस बंद झालेली असते, मग नूडल्सचं पाकीट किंवा गाडीवरचा फ्राइड राइस. या दिवसात तुम्ही उपाशी राहिलेले नाही. चारही वेळा पोट भरलं. पण ते गहू, मैदा, तांदूळ, बटाटा, साखर आणि तेल एवढ्यावरच भरलं. हिरवं काही नाही, फळ नाही, दही नाही, आणि डाळ वाटीच्या तळाशी.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली भारतीयांसाठी आहाराची सुधारित मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. त्यात 2000 कॅलरींच्या एका दिवसाचा हिशोब दिला आहे. धान्य 250 ग्रॅम, भाज्या 400 ग्रॅम, फळं 100 ग्रॅम, डाळी-कडधान्यं किंवा अंडी-मासे-मटण 85 ग्रॅम, शेंगदाणे-तिळासारख्या तेलबिया आणि सुका मेवा 35 ग्रॅम, दूध किंवा दही 300 मिलिलिटर, तेल-तूप 27 ग्रॅम. ही वजनं शिजवण्याआधीची. पोलीस भरतीसाठी रोज धावणाऱ्याला किंवा दिवसभर उभं राहून काम करणाऱ्याला यापेक्षा जास्त लागेल, ठेंगण्या आणि बैठं काम करणाऱ्या मुलीला थोडं कमी. पण प्रमाण बघा. भाजीचं वजन धान्याच्या दीडपटीहून अधिक आहे. आपल्या बहुतेक ताटांत हे नेमकं उलटं असतं. तराजू घेऊन बसायची गरज नाही. 30 ग्रॅम डाळीचं साधारण एक वाटी घट्ट वरण होतं, तेव्हा दिवसाला अडीच-तीन वाट्या. भाजीसाठी दोन्ही जेवणांत मोठी वाटी भरून शिजलेली भाजी आणि सोबत मूठभर काकडी, गाजर, मुळा, टोमॅटो. दोन मोठे चमचे तेल संपलं की दिवसाचं तेल संपलं.

‘मी तर बारीक आहे, मला काय होतंय’ असं ज्यांना वाटतं, त्यांनी पुण्यातलीच एक गोष्ट ऐकावी. केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन यडकिन या दोघांचा एकत्र काढलेला फोटो 2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या हिशोबाने वजन, अगदी सारखा होता, 22.3. शरीरातली चरबी मोजली तेव्हा यडकिन यांची 9.1 टक्के निघाली आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. वजनकाट्यावर दोघे सारखे, पण आत दुपटीहून जास्त फरक. याज्ञिक यांच्या गटाला पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांतही हाच प्रकार दिसला होता. बाळं वजनाने कमी, पण त्यांच्या अंगात स्नायूंच्या मानाने चरबी जास्त. म्हणजे हे आपल्यातल्या पुष्कळांना जन्मापासून चिकटलेलं आहे, आणि बारीक दिसणं ही आपल्यासाठी सुरक्षिततेची खूण नाही.

2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात 10.1 कोटी लोकांना मधुमेह आहे आणि 13.6 कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत आपल्याकडे हा आजार लवकर गाठतो, तिशी-पस्तिशीतही. हे मी तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. विसाव्या वर्षी तुमच्या हातात काय आहे ते कळावं म्हणून सांगते. स्नायू आज बांधता येतात, आणि ते बांधायला दोन गोष्टी लागतात, अंगमेहनत आणि प्रथिनं. मेहनतीबद्दल इथे एवढंच, की रोज अर्धा तास घाम येईल इतकं चाला, धावा, सूर्यनमस्कार घाला, जिने चढा. प्रथिनांबद्दल मात्र सविस्तर बोलायचं आहे, कारण आपलं ताट तिथेच लंगडं पडतं.

निरोगी प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे सुमारे 0.83 ग्रॅम प्रथिनं लागतात. तुमचं वजन 60 किलो असेल तर दिवसाला 50 ग्रॅम. हे ऐकलं की मुलं पावडरचा डबा विकत घेतात. जरा हिशोब करू. दिवसभराच्या भाकरी-पोळी-भातातून, म्हणजे 250 ग्रॅम धान्यातून, सुमारे 25 ग्रॅम येतात. दोन वाट्या घट्ट वरण किंवा उसळ खाल्ली की 14. वाटीभर दही आणि कपभर दुधातून 8-9. मूठभर शेंगदाण्यांतून 7. पन्नाशी ओलांडली, आणि यात अजून अंडं आलेलं नाही. एका अंड्यात 6 ग्रॅम असतात. धान्यात लायसिन नावाचा जो घटक कमी पडतो तो डाळीत भरपूर असतो, आणि डाळीत मेथिओनिन कमी पडतं ते धान्य पुरवतं. भाकरी-पिठलं, वरण-भात, मुगाची खिचडी या जोड्या त्यामुळेच पोषणाच्या दृष्टीने भक्कम आहेत. राष्ट्रीय पोषण संस्थेनेही प्रथिनांच्या पावडरी टाळण्याचाच सल्ला दिला आहे. तेच पैसे मटकी, मूग आणि अंड्यांना घाला.

आता उसळीचं सांगते, कारण एक पदार्थ शिकायचा असेल तर तो हाच शिका. अख्खी मटकी किंवा हिरवे मूग रात्री धुऊन भरपूर पाण्यात भिजत घाला. सकाळी पाणी काढून टाका, ओल्या सुती फडक्यात सैल बांधा आणि झाकून ठेवा. उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत मोड दिसतात, थंडीत दुसरी सकाळ उजाडते. कढईत दोन चमचे तेल, मोहरी, हिंग, हळद, कांदा, मोड आलेली मटकी, गोडा मसाला किंवा कांदा-लसूण मसाला, मीठ, वाटीभर पाणी, वर झाकण. पंधरा-वीस मिनिटांत होते. वरून लिंबू पिळा आणि कोथिंबीर घाला. एकदा जास्त मोड आणून ठेवले की फ्रीजमध्ये तीन-चार दिवस राहतात. मग एक दिवस उसळ, एक दिवस पोह्यांत मूठभर, एक दिवस कांदा-टोमॅटो घालून भेळेसारखं. मटकीचा कंटाळा आला की चवळी, मसूर, वाटाणा, हरभरा, वाल, कोकणातल्यांनी कुळीथ. एक काळजी मात्र घ्या. पावसाळ्यात मोड नुसते कच्चे खाऊ नका, उकळत्या पाण्यातून काढून घ्या किंवा वाफवा, कारण त्या दमट हवेत मोडांबरोबर जंतूही वाढतात. आणि राजमा कधीही अर्धकच्चा खायचा नाही, तो भिजवून पूर्ण शिजवलाच पाहिजे.

खिचडी करताना आपण तांदूळ भरपूर आणि डाळ चिमूटभर घेतो. ती निम्मी-निम्मी घ्या, त्यात गाजर, वाटाणा, फ्लॉवर, पालक जे असेल ते टाका, सोबत दही किंवा ताक. कुकरची एक खेप आणि पूर्ण जेवण. पिठलं तर दहा मिनिटांत होतं, आणि बेसन म्हणजे डाळच. भाकरी थापता येत नसेल तर तिच्यापायी अडून बसू नका, भाजणीचं किंवा ज्वारीच्या पिठात कांदा-मेथी घालून थालीपीठ करा, ते नवख्या हातालाही जमतं. जमेल तेव्हा गव्हाच्या जागी ज्वारी आणा. एखाद्या मुलाला किंवा मुलीला उसळ, खिचडी, पिठलं, एखादी पालेभाजी आणि अंड्याचा एखादा प्रकार एवढं आलं तर आठवडा निघतो. मुलग्यांना मी हे मुद्दाम बजावून सांगते. स्वयंपाक हे पुढे कुणीतरी येऊन करायचं काम नाही. स्वतःचं पोट स्वतःला भरता येत नसेल तर माणूस मोठा झाला असं मी म्हणणार नाही.

काही खोल्यांत मालक गॅस तर सोडाच, शेगडीही ठेवू देत नाहीत. तिथेही बरंच करता येतं. काकडी, गाजर, टोमॅटो, मुळा धुऊन चावून खायला भांडं लागत नाही. भिजवलेले हरभरे, भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, डेअरीतलं साधं दही, एक केळं किंवा मोसमातला पेरू. उकडलेली अंडी बऱ्याच भुर्जीच्या गाड्यांवर नुसती मागितली तर मिळतात. मेसमध्ये जाताना पिशवीत एक काकडी आणि लिंबू असलं तरी त्या ताटाचं रूप पालटतं.

आणि मेसच्या मावशींशी बोला. तुम्ही त्यांना पैसे देता आणि त्यांना तुम्ही टिकायला हवे आहात. एकट्याने तक्रार केली तर ती वाऱ्यावर जाते. आठ-दहा जणांनी मिळून, मानाने, एकच मागणी ठेवावी की आठवड्यातून तीन दिवस बटाट्याच्या जागी उसळ करा, आणि वरण घट्ट करा, हवं तर एक पोळी कमी वाढा. खर्च कुठे वाढतो आणि कुठे वाचतो हे त्यांना बरोबर कळतं. डाळीची भीती त्यांना भावामुळे वाटते. तुम्हीच पोळी कमी करून डाळ मागितली की वाटाघाट सोपी होते.

भाजीबद्दल मुलं म्हणतात, आवडत नाही. बहुतेकांना भाजी नावडते ती मेसमध्ये तेलात गाळ होईपर्यंत शिजवलेली खाऊन. मेथी परतून फक्त पाच-सात मिनिटं शिजवा, लसूण जरा जास्त घाला, वर शेंगदाण्याचं कूट. चवळई, तांदुळजा, चाकवत, शेपू, अंबाडी, चुका ही नावं शहरातल्या पोरांना ठाऊकही नसतात, आणि आठवडी बाजारात याच जुड्या स्वस्त असतात. दर आठवड्याला एक अशी भाजी घ्या जी तुम्ही कधी केलेली नाही. विकणाऱ्या बाईंना विचारा कशी करायची. त्या मन लावून सांगतात, तेही बिनपैशाचं. महाग ब्रोकोली आणि अॅव्होकॅडोच्या मागे लागण्याचं काहीच कारण नाही. त्या पैशांत आठवडाभराची पालेभाजी, गाजरं आणि पेरू येतात.

मुलींसाठी दोन शब्द वेगळे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत 15 ते 49 वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी 57 टक्के रक्तक्षयाच्या म्हणजे अॅनिमियाच्या निघाल्या. जिना चढताना दम लागणं, अभ्यासाला बसल्यावर डोळे मिटणं, केस गळणं, या गोष्टी आपण झोप कमी झाली म्हणून सोडून देतो. वर्षातून एकदा हिमोग्लोबिन तपासा. सरकारी दवाखान्यात हे सहज होतं. पालेभाज्या, कडधान्यं, तीळ, अळीव यांत लोह असतं, पण वनस्पतीतलं लोह शरीराला शोषून घ्यायला जड जातं. त्याला क जीवनसत्त्वाची मदत लागते, म्हणून उसळीवर लिंबू, जेवणात आवळा, पेरू किंवा टोमॅटो. चहा-कॉफी हे शोषण अडवतात, तेव्हा जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर चहा नको. मेसमधून उठून थेट टपरीवर जायची सवय आहे ना, ती तेवढी पुढे ढकला. गुळाने रक्त वाढतं या भरवशावर राहू नका, गूळ ही मुख्यतः साखरच आहे. आणि रक्तक्षय निघालाच तर डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या घ्या, नुसत्या आहाराने तो लवकर भरून निघत नाही. जे अजिबात मांसाहार करत नाहीत आणि दूध-दहीही कमी घेतात, त्या मुलामुलींनी ब-12 जीवनसत्त्वही तपासून घ्यावं, कारण ते भाज्या-डाळींतून मिळत नाही.

आता पाकिटांबद्दल. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी 2019 साली एक काटेकोर प्रयोग प्रसिद्ध केला. वीस माणसांना संस्थेतच ठेवून त्यांना दोन आठवडे कारखान्यातलं अतिप्रक्रिया केलेलं अन्न आणि दोन आठवडे साधं शिजवलेलं अन्न दिलं. दोन्हींत समोर ठेवलेल्या कॅलरी, साखर, मीठ, चरबी आणि तंतुमय भाग सारखे होते, आणि हवं तेवढं खायची मुभा होती. पाकिटातल्या अन्नाच्या दोन आठवड्यांत माणसांनी रोज सुमारे 500 कॅलरी जास्त खाल्ल्या आणि वजन वाढवलं. ते जेवतही होते जास्त भरभर. हे वाचल्यावर मला एक गोष्ट पटली की चिप्सचं पाकीट अर्ध्यावर थांबवता न येणं हा तुमच्या मनाचा दुबळेपणा नाही, ते अन्नच तसं आहे. म्हणून ते खोलीत साठवून ठेवू नका. खावंसं वाटलं तर बाहेर जाऊन लहान पाकीट आणा. पाकिटावर घटकांची यादी जास्तीपासून कमीकडे लिहिलेली असते. पहिल्या तीन नावांत मैदा, साखर आणि पामतेल असेल तर पुढचं वाचायची गरज नाही, मग पुढे मोठ्या अक्षरांत ‘मल्टिग्रेन’ छापलेलं असो. नूडल्सच्या एका लहान पाकिटात दिवसभराच्या पाच ग्रॅम मिठापैकी जवळपास निम्मं असू शकतं. कधी करावेच लागले तर मसाला अर्धा टाका, आणि त्यात एक अंडं आणि दोन मुठी भाजी घाला.

वडापाव आणि मिसळ मी तुमच्याकडून काढून घेणार नाही. मिसळीत खाली मटकीची उसळच असते. उसळ जास्त, फरसाण आणि तर्री कमी, आणि पाव एकच, असं सांगितलं तर बहुतेक ठिकाणी देतात. वडापाव आठवड्यातून एकदा मित्रांसोबत मजेत खा. रोज पाच वाजता भूक लागते म्हणून तो खाणं मात्र थांबायला हवं, आणि ते थांबतं दुपारच्या जेवणात डाळ वाढवल्याने आणि पिशवीत शेंगदाणे-फुटाणे ठेवल्याने.

एक गोष्ट मात्र अशी आहे जिथे मी सरळ कमी करायला सांगेन, ती म्हणजे प्यायची साखर. अर्ध्या लिटरच्या गार पेयाच्या बाटलीत 50 ग्रॅमच्या आसपास साखर असते. दिवसभरासाठी वरून घातलेल्या साखरेची मर्यादा 25 ग्रॅमपर्यंत सांगितलेली आहे. एका बाटलीत दोन दिवस संपले आणि पोटाला काही भरल्यासारखंही वाटलं नाही. चहाच्या कपात दोन चमचे साखर धरली तर 8 ते 10 ग्रॅम, असे चार कप म्हणजे मर्यादा ओलांडलीच. टपरीवाल्याला साखर कमी सांगा. दोन आठवड्यांत जीभ सरावते. तहान लागली तर पाणी, उन्हात ताक, लिंबाचं बिनसाखरेचं पाणी. एनर्जी ड्रिंक पिऊन रात्र जागवणाऱ्यांना माझं सांगणं आहे की झोपा. त्या डब्याने पाठांतर वाढत नाही.

उपवासाचंही बोलू, कारण सोमवार, गुरुवार, चतुर्थी धरणारे तुमच्यात खूप आहेत. श्रद्धेने करत असाल तर जरूर करा. पण दिवसभर काही नाही आणि मग तुपातली साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचे वेफर्स आणि गोड लस्सी, याने शरीराला विसावा मिळत नाही. साबुदाणा जवळजवळ पूर्णपणे स्टार्च आहे. त्याऐवजी वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी घ्या, राजगिऱ्याचं थालीपीठ, दही, काकडीची कोशिंबीर, रताळं, फळं. उपवासाच्या ताटात दाण्याच्या आमटीएवढं पौष्टिक दुसरं काही नाही, आणि नेमकी तीच आपण बाजूला ठेवतो.

दिवसातून दोनदाच जेवावं की दर दोन तासांनी थोडं खावं, या वादात तुम्ही पडू नका. पन्नाशीच्या मधुमेही काकांना डॉक्टरांनी सांगितलेली पद्धत विसाव्या वर्षाच्या धावणाऱ्या मुलीला लागू पडेलच असं नाही. तुमच्या दिवसाला जी वेळ निभावते ती ठरवा आणि शक्यतो पाळा. सकाळी काहीतरी पोटात जाऊ द्या, रात्रीचं जेवण झोपेच्या दोन तास आधी उरका, आणि जेवताना मोबाइल उलटा ठेवा.

आता सगळं एकदम करायला जाऊ नका, ही सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी 96 जणांना दिवसाच्या ठरावीक वेळी एक छोटी नवी गोष्ट करायला सांगितली होती, जसं दुपारच्या जेवणासोबत फळ खाणं. ती विचार न करता हातून व्हायला सरासरी 66 दिवस लागले, पण कुणाला 18 दिवस पुरले तर कुणाला 254 लागतील असा अंदाज निघाला. आणि मधे एखादा दिवस चुकला तर त्याने फारसं बिघडलं नाही. म्हणून एकच भर निवडा आणि तिला रोजच्या एखाद्या ठरलेल्या वेळेशी बांधा. रात्री दात घासण्याआधी मूठभर मूग भिजत घालायचे, किंवा मेसमध्ये पाऊल टाकताना काकडी बाहेर काढायची. दोन महिने एवढंच. एखाद्या दिवशी जमलं नाही, लग्नाला गेलात, परीक्षेत गडबड झाली, तर पुढच्या जेवणापासून पुन्हा सुरू करा. आता सोमवारपासून बघू असं म्हणू नका, आणि भरपाई म्हणून उपाशी तर मुळीच राहू नका.

काही खुणा दिसल्या तर मात्र लेख वाचत बसू नका, डॉक्टरांकडे जा. कारण नसताना वजन उतरणं, सतत तहान आणि वारंवार लघवी, पाळी दोन-तीन महिने न येणं, रोजची पोटदुखी. जेवणाची भीती वाटू लागली असेल, प्रत्येक घास मोजला जात असेल, किंवा खूप खाऊन मग ओकून टाकावंसं वाटत असेल, तर तोही आजारच आहे, त्यावर उपचार आहेत, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. घरी, मैत्रिणीला, कुणाला तरी आजच सांगा.

आणि शेवटी आईवडिलांशी बोलायचं आहे. गावाहून एसटीत कुणाच्या तरी हाती पोराला डबा जातो, त्यात चिवडा, शंकरपाळी, शेव, लाडू असतात. त्या मायेबद्दल मला काही म्हणायचं नाही, सणाला ते पाठवाच. पण दर महिन्याच्या डब्यात मेतकूट, भाजणी, शेंगदाण्याची, जवसाची आणि कारळ्याची चटणी, भाजलेले फुटाणे आणि घरच्या शेतातली तूर-मुगाची डाळ असू द्या. फोनवर ‘जेवलास का’ असं विचारता, त्याच्याऐवजी ‘आज भाजी कुठली होती’ असं विचारा. सुट्टीत मुलगा घरी आला की त्याला पाहुण्यासारखं बसवू नका, उसळ त्याच्या हातून करून घ्या. ज्वारीचं पीठ एका वेळी पंधरा दिवसांपुरतंच द्या, बाजरीचं आठवड्यापुरतं. जास्त ठेवलं की कडवट होतं, आणि मग पोरं ते टाकून पावाकडे वळतात.